भुलाबाईचं कासव

१ सप्टेंबर, सोमवार

आज या देशातल्या एका निरुपद्रवी नागरिकावर घोर अन्याय झाला, आणि त्याची नोंद कुठंतरी असावी म्हणून लिहिते आहे. माझ्या लिहिण्याच्या खुर्चीचं एक चाक निखळलं. खुर्ची डावीकडे झुकते. मीही झुकते. येत्या रविवारी माझा स्तंभ वाचून नागपूरकर म्हणतील, बाई डावीकडे झुकल्या! नवऱ्याला, धर्मपालला सांगितलं, तर म्हणे रीतसर अर्ज दे, मग पाहू. हा माणूस आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात मालगाडीच्या डब्यांना चाकं बसवतो. घरच्या एका चाकाला मात्र अर्ज.

असो. मी अशी झुकलेली असतानाच शेजारच्या प्रेमलाकाकू आल्या. हातात एक फोटो — काळापांढरा, कोपरे झिजलेला. इथलंच, रायपूरच्या गुढियारीतलं जुनं रेल्वे क्वार्टर. उसाच्या कांड्यांचा मांडव, त्याखाली मातीचे भुलोजी आणि भुलाबाई. समोर टिपऱ्या घेऊन बसलेली, दोन वेण्यांची, फोटो काढणाऱ्यावर रागावलेली एक पोट्टी. ती काकू.

भुलोजी म्हणजे शंकर, भुलाबाई म्हणजे पार्वती. भाद्रपदाच्या पौर्णिमेला माहेरी येते आणि कोजागिरीला परत जाते. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. विदर्भातून नोकरीपायी इकडं आलेल्या घरांनी ट्रंकांबरोबर हा सणही आणला. फक्त मांडवाचे ज्वारीचे धांडे आणता आले नाहीत. या धानाच्या मुलखात ज्वारी कुठली! म्हणून ऊस.

काकूंचं गाऱ्हाणं असं. स्वानंदची — म्हणजे त्यांच्या मुलाची — पुण्याला बदली झाली. कोजागिरी झाली की सगळं घर हलणार. काकूंचा जन्म रायपूरचा, संसार रायपूरचा. जाण्याआधी नातीला, निधीला, त्यांनी हा फोटो कौतुकानं दाखवला. पोरगी एक नजर टाकून म्हणाली, "आजी, ये तो गौरा-गौरी है."

कारण फोटोतला शंकर बैलावर आणि पार्वती कासवावर बसली आहे. इथं छत्तीसगडात दिवाळीला गौरा-गौरी बसवतात, ते थेट असेच. मग निधीनं मोबाइलवर ज्ञानकोश उघडला. तिथल्या भुलाबाईच्या पानावर कासव नाही. विषय संपला.

काकू म्हणाल्या, "त्या नेटवर हा फोटो टाक वं. पोट्टी माझं ऐकत नाही, मोबाइलचं ऐकते. तिकडं जायच्या आधी तिले दिसलं पाहिजे का आपल्या घरी भुलाबाईच होती."

त्या ज्ञानकोशात 'तिरकस' या नावानं मी बरीच वर्षं लुडबुडते. कुणीही लिहावं, कुणीही खोडावं असा तो कारभार. पाच मिनिटांचं काम, म्हटलं. फोटो चढवला, खाली लिहिलं — रायपूर येथील भुलाबाई.

२ सप्टेंबर

फोटो गायब. शेरा: "ही भुलाबाई नाही. उलटवले." — सदस्य तुळशीराम अकोटकर.

पुन्हा टाकला.

३ सप्टेंबर, बुधवार

तुळशीरामजी कोण ते पाहून आले. राहणार अकोट. भुलाबाईचा लेख जवळजवळ एकहाती त्यांनीच उभा केलाय आणि तेव्हापासून त्याची राखण करताहेत. कुणी गरब्याचा फोटो टाकला — उडवला. कुणी मालिकेतली नटी भुलाबाई म्हणून बसवली — उडवली. (मनात म्हटलं, बरं केलं.) आता कासवावरची आली, तीही उडवली.

लेखाला लागून एक चर्चा पान असतं. भांडायचं ते तिथं भांडायचं. मी लिहिलं, ज्या घरात ती बसली त्या घराला ती भुलाबाई वाटते, अकोटात आपल्याला वाटत नाही — तर कुणाचं धरायचं? उत्तर आलं. आदरणीय महोदया वगैरे. वऱ्हाडात किंवा खानदेशात कुठंही भुलाबाई कासवावर नाही, आपण चुकीच्या सणाचं छायाचित्र चढवलंत, छापील संदर्भ असल्यास द्यावा. शिवाय छायाचित्रकार कोण?

काकूंचे मामा, मी लिहिलं.

मामांची परवानगी?

मामांना विचारायला मला बरंच वर जावं लागेल, मी लिहिलं.

"वारसांचीही चालेल." — विनोद कळत नाही, की कळूनही वळत नाहीत! मामांना मूलबाळ नव्हतं, वारस काकूच निघाल्या. काकूंची लेखी परवानगी घेऊन पाठवली, मिटलं. कासव मात्र मिटेना. मी टाकायचा, त्यांनी काढायचा. मी टाकायचा, त्यांनी काढायचा. धर्मपाल चहा घेऊन मागं उभा होता. म्हणे, "तुम्ही दोघं मिळून एकच डबा शंटिंग करून राहिले का?"

४ सप्टेंबर

पानाला कुलूप. एका दिवसात तीनदा उलटवाउलटवी म्हणजे इथं गुन्हा. प्रचालक नावाचे इथले फौजदार असतात, त्यांनी दोघांनाही समज दिली. मला जास्त दिली, कारण मी तुळशीरामजींना 'कैलासाच्या दारावरचे आजन्म पहारेकरी' असं काहीतरी लिहून बसले होते. "व्यक्तिगत टीका करू नये." अहो, माझं पोटच त्यावर चालतं!

तुळशीरामजींनी मात्र शांतपणे विचारलं, या देवतेशी आपले काही हितसंबंध आहेत का? खरं ते लिहिलं: माझ्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भुलाबाईशी माझा संबंध खिरापतीपुरता.

खरंच तेवढाच. गुढियारीच्या क्वार्टरांत मीही वाढले. आई म्हणायची, आपण ते सोडलं, तू कशाले जाते? मी जायचे. देवीसाठी नव्हे, डब्यासाठी. डबा कानाशी हलवून आत शेव आहे की शेंगदाणे हे सांगण्यात सगळ्या ओळीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

६ सप्टेंबर, शनिवार

काकूंबरोबर भैय्यालाल कुंभाराकडे गेले. उद्या पौर्णिमा, मूर्ती आणायची होती. रस्त्यावर विसर्जनाचे ढोल, आणि माझ्या डोक्यात साक्षीदार! भैय्यालालच्या वडिलांकडून काकूंचे वडील मूर्ती घेत. तो सांगेलच की मराठी घरांसाठी भुलाबाई वेगळी घडवायचे. मग तुळशीरामजी गप्प.

भैय्यालाल दुर्गेच्या दंडाला माती थापत होता. मी माझा प्रश्न वकिलासारखा घोळवून विचारला. मान वर न करता म्हणाला, "एके ठन साँचा हे दीदी. देवारी मा गौरा-गौरी, अभी भुलाबाई."

म्हणजे दोन्ही सणांना साचा एकच, फरक काहीच नाही? त्यानं विचार केला. म्हणाला, फरक आहे की. आत्ता सीझन नाही, त्यामुळं भाव जास्त.

माझा साक्षीदार जागच्या जागी फुटला. काकूंना मात्र काहीही वाटलं नाही. त्यांनी कासवाला बोटानं टोकरून माती वाळली का ते पाहिलं आणि मूर्ती फडक्यात गुंडाळून काखेत घेतली.

७ सप्टेंबर

काकूंकडे भुलाबाई बसली. गायला काकू आणि मी. मला निम्मी गाणी येतात, तीही चुकीची. निधी आतल्या खोलीत, कानात बोंडं, समोर ऑनलाइन क्लास. बारावी झाली, आता वर्षभर परीक्षेची तयारी. तिला रायपूर काय, पुणं काय, स्क्रीन तीच.

खिरापत चिवडा. चिवड्याला लपता येत नाही.

८ सप्टेंबर

भैय्यालालचं बोलणं तुळशीरामजींना सांगावं की नाही? सकाळभर हाच विचार. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं! पण मग मला कळलं असतं, आणि माझी जीभ माझ्याच बाबतीत फार तिखट आहे. लिहून टाकलं सगळं — साचा, सीझन, भाव.

उत्तर: "प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे. माझा मुद्दा सिद्ध झाला."

अशा माणसाशी खरं तरी काय म्हणून बोलावं!

१४ सप्टेंबर, रविवार

स्तंभ छापून आला. 'ज्ञानाचे हवालदार'. नाव कुणाचं घेतलं नाही, पण अकोटच्या दिशेनं चांगले पाच-सहा दगड भिरकावले. नागपूरहून दोन फोन, दोन्ही खूश. दिवसभर मीही खूश.

संध्याकाळी चर्चा पानावर: "लेख वाचला. हवालदार हा शब्द योग्य. दुसऱ्या परिच्छेदात ज्ञानकोशाच्या स्थापनेचे वर्ष चुकले आहे."

पाहिलं. चुकलंय.

१७ सप्टेंबर, बुधवार

इथं एक छान पद्धत आहे. दोघांचं मिटेना की तिसऱ्याला बोलवायचं, आणि तो तिसरा असा हवा की ज्याला त्या विषयाचं काही देणंघेणं नाही. आमच्या वाट्याला सोलापूरची मीरा आली. पहिल्याच ओळीत तिनं सांगून टाकलं, भुलाबाई हे नाव कालपर्यंत ऐकलेलं नव्हतं. न्यायाधीश असावा तर असा!

तिनं विचारलं, फोटोत काय दिसतं आणि पूजा करणारे त्याला काय म्हणतात, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तर? आणि फोटोखाली घालायला एक ओळ सुचवली: "रायपूर येथील एका मराठी कुटुंबातील भुलाबाई, मूर्ती स्थानिक गौरा-गौरीच्या घडणीची."

आम्ही दोघांनीही एकमतानं नाकारली. पहिलंच एकमत. मी म्हटलं, असं लिहिलं तर काकूंची भुलाबाई उसनी ठरते. तुळशीरामजी म्हणाले, दुकानात मिळालं ते आणलं, याला परंपरा कसं म्हणायचं? उद्या कुणी प्लास्टिकची बाहुली बसवील आणि फोटो काढील.

दुपारी काकूंना ती ओळ वाचून दाखवली. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घडण कोणाची का असेना. भुलाबाई हा शब्द आहे न त्यात? बस. बाकी त्याले काय लिहायचं ते लिहू दे."

म्हणजे मी पंधरवडाभर ज्या उसनवारीवर तलवार उपसून उभी आहे, तिचं काकूंना काहीच नाही. हे मला कुणी आधी का सांगत नाही!

१९ सप्टेंबर

मी मीराची ओळ मान्य केली. तुळशीरामजी म्हणाले, तेही करतील, पण एक सांगा. ते कासव कुंभाराकडून आलं तसं नुसतंच बसून राहिलं, की घरच्यांनी त्याला काही अर्थ दिला? अर्थ दिला असेल तर ती रायपूरची स्वतःची भुलाबाई झाली, लेखात हक्कानं येईल. नसेल तर ती नुसती अडचण, आणि अडचणीचं छायाचित्र ज्ञानकोशात नको.

बरोबर बोलतात. हीच तर या माणसाची पंचाईत आहे.

काकूंना जाऊन विचारलं, भुलाबाई कासवावर काहून? काकू दोडक्याच्या शिरा काढत होत्या. त्या काढतच राहिल्या. म्हणाल्या, उद्या सांगते.

२० सप्टेंबर, शनिवार

गाणी झाली. निधी फक्त खिरापतीच्या वेळी बाहेर येते (माझ्या वळणावर!). तिच्यासमोरच मी पुन्हा विषय काढला. तिनंही शेंगदाणे चघळत विचारलं, हाँ आजी, कछुआ क्यों?

काकू बराच वेळ समईची वात सारखी करत होत्या. मग म्हणाल्या, "माहेरी येते न ती. कासवावर निंगते. सासरचे विचारतात, इतका उशीर काहून? ती म्हणते, मी काय करू, माझं कासवच चालत नाही."

निधीचं चघळणं थांबलं. "मतलब जानबूझकर?"

"तं काय. बैलावर बसली असती तं आठ दिवसांत परत नेलं असतं तिले."

"फिर वापस कैसे जाती है?"

"कासवावरच."

"फिर तो पहुँचेगी ही नहीं."

"तेच तर," काकू म्हणाल्या, आणि डबा तिच्या हातात देऊन उठल्या.

निधीनं मूर्तीजवळ वाकून कासव पाहिलं. स्वतःशीच म्हणाली, स्मार्ट है.

मी घरी येऊन चर्चा पानावर शब्दन् शब्द लिहून काढला. वर एवढंच जोडलं की हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. काकू तसं बोलल्या नव्हत्या, पण उघडच आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी तुळशीरामजींचं उत्तर. इथंच उतरवून ठेवते:

"छापील आधार नाही. नियमात बसत नाही. मी पाच बहिणींचा भाऊ आहे. त्यांच्या टिपऱ्या मी रंगवून देत असे. थोरलीला तिच्या सासरच्यांनी महिनाभर कधी सोडले नाही. हे वाक्य लेखात असावे."

आणि त्यांनीच ते लेखात घातलं. "रायपुरातील काही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते, की भुलाबाई माहेरचा मुक्काम लांबावा म्हणून कासवावरून प्रवास करते." खाली तळटीप: मौखिक माहिती, चर्चा पान पाहावे. फोटोही त्यांनीच परत लावला, मीराच्या ओळीसकट.

मी जिंकले. मग उगाच उठून दोनदा गॅलरीत जाऊन आले.

२४ सप्टेंबर

एका प्रचालकानं तुळशीरामजींना हटकलं. सगळ्यांकडे छापील संदर्भ मागणारे तुम्ही, आज तुम्हीच तोंडी माहिती घालता? प्रश्न रास्त होता. उत्तर एका ओळीचं: "माहिती देणाऱ्या सदस्या विश्वासार्ह आहेत. जबाबदारी माझी."

वाचकांनी मला आजवर खूप काही म्हटलंय. त्यातलं निम्मं इथं लिहिण्याजोगं नाही. पण विश्वासार्ह? धर्मपालला मुद्दाम दाखवलं. चष्मा लावून वाचलं आणि म्हणे, "दुसरी कोणी असन."

२८ सप्टेंबर, रविवार

निधीनं पान पाहिलं. स्वतः नाही पाहिलं, मी तिच्यासमोर मोबाइल धरला. फोटो, फोटोखाली भुलाबाई, खाली कासवाचं वाक्य. मराठी वाचायला तिला वेळ लागतो. ओठ हलवत वाचलं. मग आजीला हाक मारली, आजी, तू इंटरनेट पे है.

काकूंनी आधी भुलाबाई शब्द कुठं आहे ते विचारलं. बोट ठेवून दाखवला. मग स्वतःचा फुगलेला चेहरा मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, त्या दिवशी मामानं जिलेबी देतो म्हणून बसवलं होतं, दिली नाही.

संध्याकाळी निधी गाण्यांना बाहेर आली. आपल्या पायांनी.

२ ऑक्टोबर

निधीनं कॉलनीतल्या तीन पोरी गोळा केल्यात. एक सिंधी, एक ओडिया, एक इथलीच, पंडरी बाजारातल्या कापडवाल्याची. गाणी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतलीत. मराठी शब्द, इंग्रजी लिपी, हिंदी उच्चार, आणि कापडवाल्याची पोरगी टाळ्या वाजवते त्या छत्तीसगडी सुवा नाचाच्या. अकोटला हे दिसलं तर पानाला पुन्हा कुलूप लागेल.

काकू त्यांना सारखं हळू म्हणा, हळू म्हणा सांगतात. पोरींना घाई.

६ ऑक्टोबर, सोमवार — कोजागिरी

गच्चीवर दूध, चांदणं आणि खिरापतीच्या डब्यांची रांग. मी शेव ओळखली, लाह्या ओळखल्या, गुळपापडी ओळखली. पोरींना वाटलं, मी चोरून बघितलं. शेवटच्या डब्यापाशी अडले. हलवला, आवाज नाही. सगळ्यांचे अंदाज झाले, शेवटी हरलो म्हणावं लागलं. काकूंनी झाकण काढलं — साय आणि साखर! काकू इतक्या खूश झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मग तलावावर. मूर्ती निधीच्या हातात होती. पाण्यात सोडताना तिनं हलकेच म्हटलं, "आराम से जाना." काकू दुसरीकडे बघत होत्या.

घरी आल्यावर पाहिलं, तुळशीरामजींनी चर्चा पानावर, नियमाबाहेर जाऊन, विचारलं होतं: आज खिरापत काय होती? सांगितलं. लगेच उत्तर: "साय कुणीच ओळखत नाही."

९ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या त्यांची गाडी. काकूंकडे भांडी बांधायला गेले. वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि माझ्या हाती आलेल्या पितळी डब्याला नेमका माझाच स्तंभ. हवालदार आतल्या बाजूला गेला. बरं झालं.

निधी क्लासला बसली होती. काकूंना म्हटलं, तुमच्या कासवाचं अख्खं वाक्य तुम्ही कधी नीट ऐकलंच नाही. वाचून दाखवलं, जरा थाटातच. पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते —

काकू हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. पाणी दिलं.

"अवं माय, ते काहून टाकलं तू? माझ्या मायनं कासवाचं काई सांगितलं नाही कधी. भैय्यालालच्या बापाजवळ तेच भेटे, तेच आणत होतो. तुम्ही दोघी मागंच लागल्या, मग तोंडात आलं ते सांगितलं."

मी मोबाइल खाली ठेवला. काकूंनी पुढचं भांडं घेतलं. आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला.

"निधीले सांगू नको बरं."

नाही सांगत, म्हटलं. आम्ही पुन्हा भांडी बांधायला लागलो. मध्येच त्या म्हणाल्या, "पुण्याची गाडी फार जोरात जाते म्हणतात वं."

१० ऑक्टोबर

काकू गेल्या. स्टेशनवर बोलणं झालं ते सगळं सामानाबद्दल.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळपासून त्या वाक्यासमोर बसले आहे. तसं ठेवलं तर कुणाचं काय बिघडतं? निधी खूश आहे, काकू खूश आहेत, तुळशीरामजींना थोरली बहीण आठवली. भुलाबाई तर निवांत पोहोचली असेल, किंवा नसेल. खोटं इतकं गोड क्वचितच निघतं, आणि खोटं ओळखण्याचा तर माझा धंदा!

पण पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द काकूंचा नव्हता. तो माझा. आणि अकोटला एक माणूस 'जबाबदारी माझी' असं लिहून बसला आहे, माझ्या भरवशावर.

वाक्य काढलं. फोटो आणि मीराची ओळ राहू दिली, त्यात खोटं काही नाही. चर्चा पानावर लिहिलं: "ही समजूत पिढीजात असल्याचे मी लिहिले होते. ती माझी भर होती. चूक माझी, तुळशीरामजींची नाही."

बऱ्याच वेळानं त्यांचं उत्तर आलं. "नोंद घेतली." त्याखाली, वेगळ्या ओळीत: "वाक्य चांगले होते."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वाक्य परत आलंय! घालणारी सदस्य कोरी करकरीत, नाव 'रायपुरवाली'. शेरा हिंदीत — मेरी आजी ने मुझे खुद बताया है, कृपया न हटाएँ. वाक्य मात्र मराठीत. तिचं स्वतःचं. "भुलाबाई कासव वर बसते कारण तिला माहेर सोडून जायाचे नाही आहे, पण ती कोणाला बोलत नाही."

हे शेवटचं मी लिहिलं नव्हतं. काकूही बोलल्या नव्हत्या.

तुळशीरामजी अजून आलेले नाहीत. हे काम त्यांच्या हातून व्हायला नको. मीच उलटवलं. मग रायपुरवालीच्या कोऱ्या पानावर जाऊन लिहिलं: स्वागत आहे. भांडायला चर्चा पानावर ये.